दिवा लागला नाही

हळदीच्या हंगामात आमच्या सावरगव्हाणात नवरी ओळखू येत नाही. माघ लागला की सगळ्याच बायकांचे हात मनगटापर्यंत पिवळे. कंद वेचायचे, मोडायचे, शिजवायचे, वाळवायचे. ती हळद बोटांच्या भेगांत अशी ठाण मांडून बसते की साबण झिजतो, ती हलत नाही. पुण्याला वसतिगृहात राहायला गेले तेव्हा मुली माझे हात बघून विचारायच्या, "लग्न ठरलं वाटतं?" मी सांगायचे, "हो, आमच्याकडं दरवर्षी ठरतं."

लग्न काही झालं नाही. झाला तो दिवा.

सरकारी कागदावर त्याचं नाव 'दंशदर्शक'. एवढं अवघड नाव वसमत तालुक्यात कोण घेणार? लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याला दिवा करून टाकलं. साप चावलेल्या माणसाच्या बोटाचं थेंबभर रक्त चकतीला लावायचं, चकती यंत्रात सरकवायची. विष असेल तर खिडकीत निळा दिवा लागतो. नसेल तर लागत नाही. माणूस घरी जातो.

आता हा दिवा लागतो कसा ते सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच झालं.

सापाचं विष म्हणजे मुख्यतः विकरांचं कालवण. विकर म्हणजे एन्झाइम, शरीरातल्या रसायनांची कापाकापी आणि जोडाजोडी करणारं प्रथिन. आपल्या लाळेत असतं, पोटात असतं, तसंच घोणशीच्या विषातही असतं. फरक एवढाच की घोणशीची विकरं आपल्या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांवर कात्री चालवतात. आधी अंगात बारीक बारीक गुठळ्या होतात, गोठायला लागणारा सगळा माल त्यात खर्ची पडतो आणि मग रक्त पाण्यासारखं वाहत सुटतं. हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं. वेळेवर प्रतिविष मिळालं नाही तर मूत्रपिंडं बसतात.

ही कात्री डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एक चकाकणारा रेणू घ्यायचा. त्याच्यावर जांभळा प्रकाश टाकला की तो निळा उजेड देतो. त्याला अमिनो आम्लांच्या आखूड दोरीनं बांधून टाकायचं. दाव्याला बांधलेलं वासरू उधळत नाही, तसा बांधलेला रेणू चकाकत नाही. दोरी कापली गेली की तो मोकळा आणि मोकळा झाला की उजेड. उजेड जितक्या वेगानं वाढेल तितकी कात्री जोरात चाललेली. विकरांचं काम मोजायला प्रयोगशाळांत असे बांधलेले रेणू फार पूर्वीपासून वापरतात. आमच्या गटानं केलं ते इतकंच की घोणशीची कात्रीच जिला कापेल, रक्तातली आपली विकरं जिला शिवणार नाहीत, अशी दोरी विणली. मग फुरशाची विणली, नागाची विणली, मण्यारीची विणली. आणि सगळा पसारा रुपयाएवढ्या चकतीत बसवला. त्यात माझी तरुणपणाची सगळी वर्षं गेली आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

दिवा आला आणि त्याच्या मागोमाग कुलूप आलं. नवं प्रतिविष थोडंच बनतं, थंड कपाटात ठेवावं लागतं, आणि गरज नसताना टोचलं तर कुणाकुणाला त्याचीच धाप लागते. म्हणून प्रत्येक आरोग्य केंद्रातलं औषधाचं कपाट दिव्याला जोडलं. दिवा लागला तरच कपाट उघडणार. शिवाय एकदा निकाल आला की त्याच माणसाची पुन्हा चाचणी सहा तास नाही, कारण सुरुवातीला गावचे पुढारी दिवा लागेपर्यंत चकत्या घालायला लावायचे. त्यांची खोड मोडायला हा नियम केला. केंद्र बदलून चालत नाही. निकाल माणसाच्या आरोग्य क्रमांकाला चिकटून राज्यभर फिरतो. येत्या सोमवारी मंत्रालयात सही होऊन हा दिवा उपकेंद्रांपर्यंत जाणार होता. त्याआधी दोन दिवस सवड काढून मी गावी आले होते.

गावात माझ्यापेक्षा दिव्याचा मान मोठा, आणि दिव्यापेक्षा माझ्या दादाचा. व्यंकटदादा माझा थोरला भाऊ. हळद शिजवायचा वाफेचा कुकर आहे त्याचा, हंगामात मजुरांची टोळी घेऊन गावोगाव फिरतो. आमच्याकडं साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. पान लागलेल्या माणसाला मारुतीच्या पारावर नेऊन निजवायचं, लिंबाचा पाला खायला द्यायचा, भगतानं अंगारा लावायचा, ही रीत. दादानं ती मोडली. पारावरून माणसं उचलून जीपमध्ये घालायचा आणि केंद्रात आणायचा. "माझ्या भईनीचा दिवा हाय तिथं. तो सांगंल खरं काय ते." भगताचा धंदा बसला. तो दादाच्या नावानं बोटं मोडायचा आणि दादा मिशीत हसायचा.

शनिवारी दुपारी दादाच्या बायकोला, शिवकांतावहिनींना पान लागलं.

बायका काढलेले कंद वेचत होत्या. बांधाला कापलेल्या पाल्याचा ढीग पडला होता. वहिनींनी त्यात पाय टाकला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. मी दहा हातांवर उभी होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "वन्सं, पान लागलं वाटतं." साप कुणी पाहिला नाही. घोट्याजवळ ओरखडा होता, एकच टिंब नीट दिसत होतं. काटाही असू शकला असता.

आम्ही त्यांना केंद्रात आणलं. डॉक्टर समीना काझी तिथल्या वैद्यकीय अधिकारी, परभणीच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी घोटा पाहिला, थोडी सूज होती. स्पिरिटच्या बोळ्यानं वहिनींचं बोट पुसलं, सुई टोचली, बोट थेट चकतीच्या तोंडाला टेकवलं. हे बोट टेकवणंही आमच्या गटाचंच. सिरिंज नको, नळी नको, कुणालाही जमावं म्हणून.

खिडकी काळी राहिली. पडद्यावर अक्षरं आली, 'विष नाही.'

"सुटलो," दादा म्हणाला. "चला. तिकडं कुकर पेटलेला हाय, हळद करपंल."

डॉक्टर काझींचा चेहराही मोकळा झाला. मला पण बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वहिनी उठल्या, चपला शोधायला लागल्या, आणि टोचलेल्या बोटाला लावलेला कापूस त्यांनी टाकून दुसरा घेतला. मग तिसरा.

सुईचं टोचणं ते केवढं! त्याचं रक्त घोटभर पाणी पिईपर्यंत थांबायला हवं. थांबत नव्हतं.

"दादा, वहिनींना थांबू दे जरा. रक्त बंद होत नाहीये."

"टोचल्यावर रगत येनारच की. दिवा काय म्हन्ला? इष न्हाई म्हन्ला."

"दिवा चुकत असेल."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "प्रणू, तुझाच दिवा हाय न्हवं?"

"माझाच आहे."

"मंग आजवर मी लोकाला काय सांगत आलो? पारावरून उचलून उचलून आनली मी मानसं. भांडून आनली. आन तू हितं उभी राहून म्हन्तीस चुकत असंल?"

"तपासून बघू एवढंच म्हणतेय. जुनी पद्धत आहे, वीस मिनिटांची."

"मी घेऊन चाललो हिला," दादा म्हणाला आणि वहिनींचा दंड धरला. माझ्यावर त्याचा इतका भरवसा की समोर उभ्या असलेल्या माझं तो ऐकेना. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. हा भरवसा कमवायला मी काय काय केलं होतं!

वहिनींनी दंड सोडवून घेतला. "वन्सं म्हन्त्यात तर बसते मी. हळद करपली तर करपली. तुमी जावा कुकरवर." त्या पुन्हा बाकड्यावर बसल्या. दादा गेला नाही. दारात पाठ करून उभा राहिला.

जुनी पद्धत अगदी साधी आहे. शिरेतून काढलेलं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. गोठलं तर ठीक, वाहिलं तर घोणस. पण नळी काचेचीच हवी. काचेला टेकलं की रक्त गोठायला लागतं, प्लॅस्टिकला टेकून ते तसं जागं होत नाही. आणि दिवा आल्यापासून केंद्रात काच उरलीच नव्हती. डॉक्टर काझींनी कोठारातली सगळी खोकी उपसली. शेवटी पोलिओच्या जुन्या फलकांमागं न फोडलेल्या काचेच्या नळ्यांचं एक पाकीट निघालं. त्यांनी वहिनींच्या कोपराच्या खळगीतून रक्त घेतलं, नळीत सोडलं, नळी टेबलावर उभी केली.

डॉक्टर काझींनी घड्याळ लावलं. मधेच वहिनींनी विचारलं, "पोरं शाळेतून आली असतील का?"

डॉक्टर काझींनी नळी तिरकी केली. रक्त चहासारखं एका कडेनं दुसऱ्या कडेला गेलं.

"घोणस," त्या म्हणाल्या. आवाज खाली गेला होता. "मॅडम, मग दिवा का लागला नाही?"

मी टेबलावर नजर टाकली. तबकात पहिला बोळा पडला होता, ज्यानं वहिनींचं बोट पुसलं होतं तो. पांढरा असायला हवा होता. पिवळाधमक होता.

मी चकती काढली, खोलीचा पडदा ओढला आणि यंत्राचं झाकण उघडं ठेवून त्यातला जांभळा प्रकाश चकतीवर पडू दिला. चकती चकाकत होती. हिरवीगार.

सांगायला चार वाक्यं पुरतात, म्हणून तर ते मनाला जास्त लागतं. हळदीचा पिवळेपणा ज्या रेणूत असतो तो निळा उजेड गिळतो आणि त्या बदल्यात हिरवा देतो. पाण्यात तो विरघळत नाही, म्हणून हात धुऊन जात नाही. स्पिरिटमध्ये मात्र सहज विरघळतो. बोट स्वच्छ करायला स्पिरिट फिरवलं, भेगांतली हळद सुटून बोटभर पसरली आणि रक्ताचा थेंब ती घेऊनच चकतीत उतरला. आत घोणशीची कात्री सपासप दोऱ्या कापत होती, रेणू सुटत होते, निळा उजेड निघत होता आणि हळद तो जागच्या जागी गिळत होती. यंत्राच्या डोळ्यावर आम्ही निळी काच बसवलेली. हिरवं त्याला दिसतच नाही. आणि सगळ्या चाचण्या आम्ही घेतल्या पावसाळ्यात, कारण साप पावसाळ्यात जास्त चावतात. पावसाळ्यात हळद जमिनीत असते, बायकांच्या बोटांवर नसते.

पिवळ्या हातांची मुलगी मी! दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण छाती बडवत बसायची ती वेळ नव्हती. वहिनींच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पदर लपवला.

"पुन्हा चाचणी करा," मी म्हणाले. "शिरेतलं रक्त, सिरिंजमधून थेट चकतीवर. बोट नको."

"घेणार नाही ते. सहा तास." डॉक्टर काझींनी वहिनींचा क्रमांक घालून दाखवला. यंत्र नको म्हणालं. "नांदेडला पाठवू?"

"नांदेडचं कपाट पण हाच क्रमांक मागणार. आणि तिथं पोचेपर्यंत काय होईल?" मी माझा फोन काढला. "माझा आरोग्य क्रमांक घाला."

"म्हणजे?"

"प्रणिता कऱ्हाळे, हिला साप चावलाय. रक्त वहिनींचं घ्या, नाव माझं लावा."

डॉक्टर काझींचे हात थांबले. "मॅडम, ही खोटी नोंद होईल. माझी नोकरी जाईल."

"डॉक्टर तुम्ही आहात. हे वाहणारं रक्त तुम्ही पाहिलंय. जाबजबाब झाला तर मी सांगेन, मी करायला लावलं. माझं नाव तर त्यात आहेच."

दारातून दादा आत आला. त्यानं नळी पाहिली होती. तो माझ्याशी बोलला नाही, डॉक्टरांपुढं हात जोडून उभा राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला कुणापुढं हात जोडलेलं पाहिलं नव्हतं.

"हात खाली घ्या, भाऊ," डॉक्टर काझी म्हणाल्या. "मी करतेच आहे."

त्यांनी माझा क्रमांक घातला, सिरिंजमधून दोन थेंब चकतीवर सोडले, चकती सरकवली. खिडकीत निळा उजेड आला. आधी अंधूक, मग भरभर वाढत गेला, शेवटी डोळ्यांना टोचायला लागला. कपाटाचं कुलूप खट् झालं.

सलाईनमधून औषध सुरू झालं तशी वहिनींनी मान वळवली. "म्हंजे सरकारदरबारी पान तुमाला लागलं म्हना की."

"लागलं."

"मंग पडून ऱ्हावा आता. उन्हाचं फिरायचं न्हाई, तिखट खायचं न्हाई." त्या हसल्या. दातांवर रक्ताची रेघ होती. मला हसता आलं नाही.

डॉक्टर काझी खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांना हाक मारली तर ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा त्या वळल्या. "कोंडाबाई," त्या म्हणाल्या. "हंगामाच्या सुरुवातीला आली होती. मोडणीवर काम करणारी. पायाला असाच ओरखडा होता. दिवा लागला नाही, मी काटा समजून घरी पाठवलं. चार दिवसांनी लघवी बंद झाली. नांदेडला डायलिसिसवर आहे. सगळ्यांना वाटलं, जुनं काही दुखणं असेल."

"माझ्याच टोळीतली," दादा म्हणाला. खाली बसला तो, फरशीवर. "मीच आनलं होतं तिला. ती पारावर जाते म्हनत होती. दिवा लागला न्हाई तवा मीच म्हन्लो, जा घरी, कामाला लाग उद्यापासून."

वहिनी सोडून आम्ही तीन माणसं त्या खोलीत होतो आणि तिघांनाही आपापला वाटा दिसत होता. कोंडाबाई पारावर गेली असती तरी तिची मूत्रपिंडं वाचली नसती, हे मला माहीत होतं. दादाला ते सांगून उपयोग नव्हता.

मी बाहेर येऊन वर्तकसरांना फोन लावला. आमच्या गटाचे प्रमुख ते. सोमवारच्या सहीसाठी मुंबईत येऊन थांबलेले. त्यांना सगळं सांगितलं. ते थोर शास्त्रज्ञ आहेत, हळदीचं म्हणताच त्यांना पुढचं कळलं.

"निळी काच बदलून दुसरा रेणू घ्यावा लागेल," ते म्हणाले. "लाल उजेड देणारा. लाल हळद गिळत नाही. वर्ष लागेल, पण होईल. सोमवार जाऊ दे, मग आपण हिंगोली जिल्ह्यापुरती सूचना काढू. हंगाम तसाही संपत आलाय."

"सांगलीत पण हळद आहे, सर. वाशिमला आहे."

"तिथंही काढू."

"आणि लग्नाची? परवा तिथी आहे, गावोगाव हळदी लागतील. नवरीला चावला तर? आणि साधं सांगा, आपल्याकडं कुठं कापलं, खरचटलं, काही चावलं, की पहिलं काय दाबतात त्यावर?"

ते म्हणाले, "प्रणिता, तू काय करणार आहेस?"

"कुलपं काढणार आहे. सगळ्या राज्यातली."

यंत्रणा बिघडली तर राज्यभरची कपाटं एकदम मोकळी करायची सोय आम्ही ठेवली होती. तिची किल्ली, म्हणजे फोनमधला एक संकेतशब्द, दोघांकडंच होती, त्यांच्याकडं आणि माझ्याकडं. एकट्या वहिनींसाठी एकच कपाट उघडायची सोय तिच्यात नव्हती. वापरली की प्रकल्प तिथल्या तिथं थांबतो आणि चौकशी बसते.

"सोमवारची सही होणार नाही," ते म्हणाले. "कदाचित कधीच होणार नाही. दिव्यानं किती लोक वाचवलेत हे तुला मी सांगायला हवं का? तो बंद पडला तर लोक पुन्हा पारावर जातील."

"दिवा बंद नका करू. दिवा लागला तर चांगलंच आहे. पण लागला नाही म्हणून कपाट बंद, हे चालणार नाही. कपाट डॉक्टरनं उघडायचं. माणूस बघून."

"दोन दिवस थांब."

"सर, दोन दिवसांत मोडणीवरच्या किती बायका कुठल्या केंद्रातून घरी जातील, ते तुम्ही मला सांगू शकता का?"

ते नको म्हणाले नाहीत. मी फोन ठेवला आणि केंद्राच्या ओट्यावर बसून ती किल्ली वापरली. आत कपाटाचं कुलूप पुन्हा खट् वाजलं. राज्यातल्या प्रत्येक केंद्रात वाजलं असेल. मग मी प्रत्येक केंद्राच्या पडद्यावर जाईल असा निरोप लिहिला: दिवा लागला नाही म्हणजे विष नाही, असं समजू नये. हळद असू शकते. शिरेतलं रक्त घ्यावं, काचेच्या नळीत ठेवावं, माणसाला घरी पाठवू नये. खाली माझं नाव घातलं. वहिनींच्या रक्तावर माझं नाव का लावलं, तेही लिहिलं. डॉक्टरांवर बालंट नको.

फोन वाजायला लागले. मी एकही घेतला नाही. आत जाऊन वहिनींच्या पायाशी बसले.

संध्याकाळी डॉक्टर काझींनी पुन्हा रक्त घेऊन काचेत ठेवलं. यावेळी नळी तिरकी केली तेव्हा रक्त हललं नाही. त्यांनी ती पार उलटी केली. तरी ते बुडाला धरून राहिलं. दादानं ती नळी हातात घेतली, उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली आणि डॉक्टरांना जपून परत दिली.

"उद्या नांदेडला जायचंय," तो मला म्हणाला. दुपारपासून माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "येनार का?"

"मी तेच म्हणणार होते."

सकाळी आम्ही जीपनं निघालो. वाटेत दादा प्रत्येक शेतापाशी थांबला. जिथं जिथं वाफ दिसली, टोळी दिसली, तिथं उतरून त्यानं सांगितलं. काही जण हसले. एक म्हातारा म्हणाला, "व्यंकटी, काल दिवा खरा म्हनत होतास, आज खोटा म्हन्तूस. उद्या काय म्हन्शील?" दादानं त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी जीपमधून पाहत होते. मान खाली घालायची सवय नसलेला माणूस गावोगाव जाऊन स्वतःचाच शब्द मागं घेत होता.

कोंडाबाई दवाखान्यात खिडकीशेजारच्या खाटेवर होती. माझ्या कल्पनेपेक्षा लहान, फार तर चाळिशीची. चेहरा सुजलेला. यंत्रातून तिचं रक्त फिरून परत येत होतं. दादाला बघून ती उठायला लागली. त्यानं तिला थांबवलं आणि तिच्या पायांवरची चादर सारखी केली. मग मीच सांगितलं. तुला काटा नव्हता लागला. घोणस होती. दिवा लागायला हवा होता, लागला नाही, कारण तुझ्या बोटांवर हळद होती आणि तो दिवा करताना आम्ही हळदीचा विचार केला नाही. औषध तिथंच कपाटात होतं. मी कोण तेही सांगितलं.

ती ऐकत राहिली. शिव्या देईल असं मला वाटलं होतं; द्यायला हव्या होत्या. तिनं यंत्राकडं पाहिलं, आपल्या हाताकडं पाहिलं.

"आता लागतो का तो नीट?" तिनं विचारलं.

"नाही. दुसरा करावा लागेल. मी करणार आहे. तोवर डॉक्टर माणूस बघून औषध देतील."

"कवा लागंल दुसरा?"

"वर्ष जाईल. जास्त पण."

तिनं मान हलवली. मग एकदम घाबरल्यासारखी दादाकडं वळली. "दादा, माझी सून हाय वाशिमकडं मोडणीला. रिसोडच्या टोळीत. तिला पोटुशी हाय म्हून बसून काम दिलंय, पाल्याच्या ढिगाजवळच बसती ती. तिला कुनी सांगितलं का?"

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तिकडं कुणी गेलं नव्हतं. निरोप केंद्रांच्या पडद्यांवर होता. पाल्याच्या ढिगाजवळ बसलेल्या पोरीला तो कोण वाचून दाखवणार?

"नंबर सांगा तिचा," मी म्हणाले. कोंडाबाईला तो पाठ होता. मी लावला आणि फोन दादाच्या हातात दिला. पलीकडं कुकरचा आवाज इतका मोठा होता की खाटेपर्यंत ऐकू येत होता. दादा उभा राहिला, एका हातानं दुसरा कान झाकला आणि सगळा वॉर्ड वळून बघेल एवढ्या आवाजात ओरडला, "पोरी, कोंडाबाईनं सांगितलंय. पान लागलं तर दवाखान्यात जायचं. आन दिवा लागला न्हाई तरी घरी यायचं न्हाई. घरी यायचं न्हाई! ऐकू आलं का? म्हनून दाखव."